जंगलकाठच्या आमच्या ग्रामपंचायतीला पाचपैकी साडेतीन

पहिल्यांदा घरपट्टी भरायला गेले तेव्हा ग्रामपंचायतीला कुलूप होतं आणि दारावर खडूने एक मोबाईल नंबर लिहिलेला होता. सकाळचे साडेअकरा वाजलेले. बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर म्हणून काढलेल्या बाईला साडेअकराला बंद काउंटर दिसला की काय होतं ते सांगायला नको. फोन लावला. "आलोच मॅडम, दहा मिनिटं," म्हणाला आणि पंचवीस मिनिटांनी एक पोरगा स्प्लेंडरवरून आला. थेट टोमॅटोच्या वावरातून. हात मनगटापर्यंत काळेहिरवे. हात धुतले, पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ लावला आणि नमुना 10 ची पावती अशा अक्षरात लिहिली की आमच्या शाखेतल्या निम्म्या लोकांनी मान खाली घातली असती. घरपट्टी 1,863, दिवाबत्ती 25, आरोग्य 25, पाणीपट्टी 1,200. एकूण 3,113. मी 3,120 दिले. सात रुपये सुट्टे नव्हते. "संध्याकाळी देतो" म्हणाला. मी मनात ते सात रुपये सोडून दिले. संध्याकाळी पाणी सोडून परत जाताना फाटकाशी गाडी थांबवून त्याने सात रुपये हातावर ठेवले. शिपाई तोच, वॉलमनही तोच.

लोक हॉटेलांचं, मिक्सरचं, फार्महाऊसचं परीक्षण लिहितात. मग ज्या सेवेचे वर्षाला तीन हजार देते तिचं का नको? शिवाय नाशिकभोवती एवढे प्लॉट विकले जातायत की घेणाऱ्याने रस्ता-पाणी बघण्याआधी ग्रामपंचायत बघावी असं मला आता वाटतं.

गावाचं नाव लिहीत नाही. एवढंच सांगते की शहराच्या पश्चिमेला, गिरणारेच्या रस्त्यापासून आत, एका अंगाला धरणाचा फुगवटा आणि दुसऱ्या अंगाला फॉरेस्टचा डोंगर. आम्ही मूळचे सिडकोतले, पवननगरचे. हे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. ह्यांनी आयुष्यभर नोटा छापल्या, मी मोजल्या, आणि त्यातल्या थोड्या वाचवून 2009 मध्ये इथे प्लॉट घेतला. 2021 च्या दसऱ्याला राहायला आलो. आमच्या कॉलनीत चोवीस बंगले आहेत, पण शनिवार-रविवार सोडला तर दिवे पाच-सहा घरांतच लागतात.

आता कार्यालय. दोन खोल्या, एक कपाट, एक संगणक आणि भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याचा फलक. ज्यांना आपण इतकी वर्षं ग्रामसेवक म्हणत आलो त्यांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण हाक सगळे भाऊसाहेब अशीच मारतात. भाऊसाहेबांकडे दोन गावं. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. हे कुठे लिहिलेलं नाही, दोन सोमवार आणि एक गुरुवार वाया घालवून मी ते शोधून काढलं. अर्धा तारा इथेच कापला. साधा पुठ्ठा टांगा हो दारावर, खडूच्या नंबरशेजारी.

फलकावर लिहिलंय तसं काम मात्र होतं. गच्चीवर सोलर बसवायला कर्ज काढायचं होतं, बँकेने नमुना 8 चा उतारा मागितला. मी बँकेतली, मला वाटलं आपल्याला सगळं कळतं. सहा किलोमीटरवर तलाठी आप्पांचं सजाचं कार्यालय आहे, तिथे जाऊन ऐटीत 8-अ घेऊन आले. बँकेने परत पाठवलं. आप्पांचा माणूस हसला, "मॅडम, हा जमिनीच्या खात्याचा. घराचा आठ तुमच्या पंचायतीत." म्हणजे नमुना 8 ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आणि 8-अ हा महसुलाचा, जमिनीच्या खात्याचा उतारा. दोन्हींना लोक तोंडाने 'आठ' म्हणतात. ही चूक इथे नव्याने आलेला प्रत्येकजण एकदा करतोच. फलकावर त्या उताऱ्याला पाच दिवस आणि वीस रुपये लिहिलेत. मला चौथ्या दिवशी मिळाला, वीस रुपयांची पावती मिळाली. पूर्ण गुण. जन्म, मृत्यू, विवाह या दाखल्यांना सात दिवसांची मुदत आहे. तूर्त आम्हाला तिन्ही लागले नाहीत.

जाता जाता प्लॉट घेणाऱ्यांसाठी: प्लॉटवाला एजंट "पंचायतीची एनओसी देतो, बांधा बिनधास्त" म्हणाला तर उठून चालू लागा. बांधकाम परवानगीचं टेबल आता नाशिक महानगर विकास प्राधिकरणाकडे आहे.

आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नाही. 30 सप्टेंबरच्या आत कर भरला तर पाच टक्के सूट असते, मार्च उलटला तर पाच टक्के दंड. मी पहिल्या वर्षी फेब्रुवारीत भरला. घरपट्टीवरचे त्र्याण्णव रुपये गेले. त्र्याण्णव रुपयांनी माणूस मरत नाही, पण कॅशियरला झोप लागत नाही.

पाणी. गच्चीवर उभं राहिलं की धरण दिसतं, पावसाळ्यानंतर तर नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. नळाला मात्र एक दिवसाआड, पाऊण तास. पाहुणे आले की हाच विनोद करतात, आम्ही आता हसत नाही. धरणाच्या पाण्याचा हिशोब वेगळा, आमची योजना गावच्या विहिरीवरची. टाकीवर जलजीवन मिशनचा बोर्ड आहे, माणशी रोज 55 लिटर. मी बादल्या मोजल्यात. आम्ही दोघं, एकशे दहा लिटर हवेत. एक दिवसाआडच्या पाऊण तासात दोन दिवसांची टाकी भरते, पावसाळा-हिवाळ्यात तरी. एप्रिलच्या शेवटापासून धार करंगळीएवढी होते आणि मे महिन्यात खासगी टँकर. पाण्याला टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या पावडरचा वास येतो तेव्हा शेजारच्या बंगल्यातल्या काकू तक्रार करतात. मला तो वास आला की बरं वाटतं. कुणीतरी पावडर टाकलीय याचा तो पुरावा आहे. वास येत नाही त्या दिवशी मी फोन करते.

कचऱ्याला मात्र शून्य. नाशकात घंटागाडीची इतकी सवय होती की तिचं महत्त्व इथे येईपर्यंत कळलं नव्हतं. इथे ओला कचरा आम्ही खड्ड्यात जिरवतो, कोरडा ह्यांच्या स्कूटरवरून आठवड्याला शहरात बहिणीकडे जातो आणि तिच्या घंटागाडीत पडतो. हसू नका, कॉलनीतली निम्मी घरं हेच करतात. उरलेली निम्मी पिशव्या बांधून फॉरेस्टच्या कडेला, वळणावर ठेवतात. शनिवारी पार्ट्या होतात, रविवारी वळणावर कोंबडीची हाडं, सोमवारी तिथे दहा-बारा कुत्री. आणि कुत्र्यांच्या मागे कोण येतं ते नाशिककरांना मी काय सांगू.

2023 च्या डिसेंबरात रात्री साडेनऊला चौकीदाराचा कुत्रा गेला. एकदाच ओरडला, मग काही नाही. सकाळी कुंपणाच्या तारेला केस आणि मातीत पंजे. मी सरपंचताईंच्या नंबरवर फोन लावला. त्यांच्या यजमानांनी उचलला, नेहमीच तेच उचलतात, फलकावर नाव ताईंचं आणि नंबर यजमानांचा. म्हटलं, बिबट्यासाठी पिंजरा लावा. ते म्हणाले, "मॅडम, पिंजरा आपल्याकडं नसतो. 1926 ला लावा, फॉरेस्टवाले येतील. मी पण सांगतो गार्डला." मला तेव्हा ही टोलवाटोलवी वाटली. बँकेत आम्ही नको असलेल्या गिऱ्हाईकाला शेजारच्या काउंटरवर असंच पाठवायचो.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक आले. तरुण मुलगा, गुडघ्यावर बसून पंजा मापला, झाडाला ट्रॅप कॅमेरा बांधला. मी पिंजऱ्याचं विचारलं तेव्हा त्याने मला ओट्यावर बसवून समजावलं. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षण सगळ्यात कडक. तो पकडायचा तर वरून, मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आणि एक नेला तर त्याच्या जागेवर दुसरा येतो, कारण जागा चांगली आहे. "खाणं कोण ठेवतं इथं?" असं म्हणत त्याने वळणाकडे बघितलं. मी काही बोलले नाही. आमच्या पिशव्या तिथे नसतात, पण तरी नाही बोलले.

हा डोंगर अभयारण्य नाही. पंचवटीच्या पलीकडचा बोरगड 2008 साली संवर्धन राखीव झाला, तिथे पक्ष्यांमुळे माणसं येतात, लिहितात, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. आमचा डोंगर साग, ऐन, धावडा, करवंदीच्या जाळ्या आणि रस्त्याकडेला घाणेरीचं रान एवढाच. त्याला कुणी बघायला येत नाही, त्यामुळे त्याच्या काठावर जे होतं ते ग्रामपंचायतीच्या दारात येऊन पडतं. झाड पडलं, ग्रामपंचायत. पाइप फुटला, ग्रामपंचायत. माकडांनी टाकीचं झाकण काढलं, ग्रामपंचायत. आणि अर्ध्या गोष्टींत तिचा हात चालत नाही, कारण कुंपणाच्या पलीकडची वीतभर जमीन वनखात्याची. घाणेरी तोडायची तरी गार्डला विचारायचं.

तर बिबट्याच्या बाबतीत ग्रामपंचायतीने काय केलं? मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावरून तीन संध्याकाळी पुकारा केला: लहान मुलं एकटी सोडू नका, गुरं गोठ्यात बांधा, पहाटे वावरात जाताना मोबाईलवर गाणी लावा. (आमच्या शेजारच्या वावरात पहाटे पाचला अजूनही भक्तिगीतं वाजतात. बिबट्या गेला, सवय राहिली.) गार्डला बरोबर घेऊन वळणावरची घाणेरी छाटली. खांबांवरचे सहा बंद दिवे होते, त्यातले चार पंधरा दिवसांत लागले. दोन अजून बंद आहेत, त्यातला एक आमच्या फाटकासमोरचा.

त्या दिव्यासाठी मी 26 जानेवारीच्या ग्रामसभेला गेले. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात. चार मुद्द्यांचा टाईप केलेला अर्ज, दोन प्रतींत. भाऊसाहेबांनी न विचारता पोच दिली, शिक्का मारून, तारखेसह. मग रजिस्टर पुढे आलं, मी पेन काढलं, तर शिपाई हळूच म्हणाला, "मॅडम, यादीत नाव नाही तुमचं. बसा ना तुम्ही, चहा घ्या. सही नको फक्त."

गावच्या मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सभासद. आमचं नाव पवननगरच्या यादीत. तीन वर्षं मी या ग्रामपंचायतीला गिऱ्हाईक म्हणून झापत होते आणि सभासद नव्हतेच. चोवीस बंगल्यांपैकी इथे नाव असलेली घरं दोन.

शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते, टोपी गुडघ्यावर काढून ठेवलेली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बंगलेवाले पावती घेऊन येत्यात. सहीला कोन येत नाही."

सहीचं एवढं काय, ते मला त्या सभेत कळलं. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्या गावात मतदार हजाराच्या वर, म्हणजे शंभर. आणि विषयपत्रिकेवर होती नवी पाइपलाइन. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मेमध्येही न आटणारी विहीर आहे. तिथून पाणी आणायचं तर तीनशे मीटरचा तुकडा फॉरेस्टच्या हद्दीतून जातो. वनसंवर्धन कायद्याच्या वाटेने गेलं तर फाइल कुठवर फिरेल याचा नेम नाही. वनहक्क कायद्यात, 2006 च्या, एक जवळची वाट आहे: पिण्याच्या पाण्याची लाइन, शाळा, रस्ता अशा गावच्या गरजेसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळू शकते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. पण त्याला ग्रामसभेची शिफारस हवी. हे सगळं भाऊसाहेबांनी उभं राहून, कागद न बघता सांगितलं. तेवढ्यासाठी मी त्यांचे दोन सोमवार आणि गुरुवार माफ केले. तारा मात्र परत दिला नाही.

त्या दिवशी सह्या झाल्या एकाहत्तर. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण वनजमिनीच्या ठरावाला वर कुणी खुसपट काढायला नको म्हणून भाऊसाहेब भरल्या सभेचा आग्रह धरून होते. बरोबर आहे त्यांचं; मीही कच्च्या व्हाउचरवर कधी पैसे दिले नाहीत.

मी घरी आले आणि फॉर्म 8 भरला, पत्ता बदलाचा. नमुना 8, 8-अ आणि आता हा तिसरा आठ. ह्यांनी आधी का-कू केलं, पवननगरचं बूथ चालत पाच मिनिटांवर होतं म्हणे. म्हटलं, मग मे महिन्यात अंघोळीला तिकडेच जा.

महिला ग्रामसभेला मात्र मी यादीत नाव यायच्या आधीच जाऊन बसले होते, कुणी हाकललं नाही. ती मुख्य सभेच्या आधी होते आणि दोन्हींत जास्त कामाची गोष्ट तिथेच बोलली जाते. सरपंचताई तिथे स्वतः बोलतात, स्पष्ट आणि मुद्द्याचं. यजमान बाहेर गाडीवर बसलेले असतात. मी माझ्या दिव्याचं काढलं. वरच्या पाड्यावरची एक आजी म्हणाली, "तुमच्या दिव्याखाली वाघरू बसलं तर दिसल तरी. आमच्याकडं खांबच नाही, दिसायचं कुठून?" सगळ्या हसल्या, मीही हसले. माझा मुद्दा मी मागे घेतला नाही, पण अर्जात पाड्याच्या खांबांचं कलम वर घातलं आणि माझं खाली.

मार्चमध्ये वणवा लागला. दुपारी चारला डोंगराच्या पाठीमागून धूर आला आणि अंधार पडेपर्यंत आमच्या कुंपणापासून दोनशे-अडीचशे मीटरवर तांबडी रेघ. पंचायतीचा पाण्याचा टँकर ट्रॅक्टरला जोडून आला, पण डोंगरावर ट्रॅक्टर चढत नाही. पोरं हिरव्या फांद्या घेऊन चढली, गार्ड पुढे. फांद्यांनी झोडपून आग मारतात, आणि पुढचं वाळलेलं गवत ओढून मोकळा पट्टा करतात, वनखात्याने आधीच जाळून ठेवलेल्या जाळरेषेला जोडून. मी गच्चीवरून बॅटऱ्या मोजत होते, सत्तावीस. त्यात स्प्लेंडरवाला होता. रात्री अकराला खाली आले तेव्हा आम्ही पोहे केले होते, चाळीस माणसांचे. नमुना 10 च्या पावतीवर दिवाबत्ती आहे, आरोग्य आहे, या कामाचं कलम नाही. या एका रात्रीसाठी मी किती तारे द्यावेत याचा हिशोब अजून लागलेला नाही, म्हणून तो साडेतीनात धरलेला नाही.

तर गुण असे पडले. दाखले, पावत्या, कागद: पाच. पाणी: साडेतीन, मेमध्ये दोन. दिवाबत्ती: अडीच. कचरा: शून्य, आणि त्यात आमच्या कॉलनीचाही वाटा. ग्रामसभा: चार, कारण अर्जाची पोच मिळते, आणि पोच कुठे सहज मिळते सांगा. सरासरी तीनच येते, माहीत आहे. वरचा अर्धा त्या सात रुपयांचा.

सप्टेंबर संपायच्या आत यंदा कर भरला. सूट मागितली, पोराने मोबाईलवर आकडेमोड केली, मी तोंडी. दोघांचं उत्तर त्र्याण्णव आलं. दारावरचा खडूचा नंबर पावसाने पुसला होता, आता तिथे पुठ्ठा आहे: मंगळवार, शुक्रवार.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी सही केली. पाइपलाइनचा विषय पुन्हा वर होता. आदल्या संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मी तीनदा लिहिलं. सोळा जणांनी अंगठे पाठवले. सकाळी हे आणि मी गेलो, आणि त्या दोन घरांतली तीन माणसं. व्हरांडा भरला, काही बाया पायऱ्यांवर. भाऊसाहेबांनी पाऊण तास वाट बघितली, पाड्यावर दोनदा गाडी पाठवली. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही मोजा, तुमची मोजणी चुकत नाही." दोनदा मोजलं. चौऱ्याण्णव.

सभा तहकूब झाली. चहा केलेलाच होता, सगळ्यांना मिळाला, सहा कप उरले.